उद्यानातली पायवाट बांधताना आधी पाण्याचा विचार

उद्यानातली कच्ची पायवाट माणसांच्या पायांनी झिजते त्याहून जास्त पाण्याने उखडते. म्हणून आखणीआधी एका जोरदार पावसात जागेवर जा आणि पाणी कुठून येते, कुठे तुंबते तिथे खुंट्या ठोका. गवतातून लोकांनी आपसूक पाडलेल्या वाटाही टिपून घ्या. शक्य असेल तर त्याच वाटा पक्क्या कराव्यात. तार लावून अडवल्या तर तारेच्या शेजारून नवी वाट पडते, हे ठरलेलेच.

रुंदी किमान १.५ मीटर ठेवा. दोन व्हीलचेअर समोरासमोर यायच्या असतील तर १.८ मीटर. चढ २० मीटरला १ मीटरहून जास्त नको.

वरची गवत-मुळांची माती १५ सेंमी खोल काढा (वाफ्यांसाठी बाजूला ठेवा, फेकू नका) आणि तळ धुमसून घ्या. चिकण काळी माती असेल तर जिओटेक्स्टाइलचे (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे) कापड अंथरा, नाहीतर खडी दोन-तीन पावसाळ्यांत खाली रुतते आणि चिखल वर येतो. त्यावर दाबून १० सेंमी भरेल इतकी जाड खडी घाला. तिच्यावर बारीक खडी आणि कच (दगडाची भुकटी) यांच्या मिश्रणाचा ७ सेंमीचा थर द्या. म्हणजे वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा २ सेंमी उंच राहते. नदीतले गोल गोटे दिसायला छान, पण ते एकमेकांत अडकत नाहीत, पायाखाली सरकतात. कच टाळला तरी तेच होते, कारण खडीच्या फटी भरणारा तोच असतो.

दाबताना मिश्रण ओलसर हवे: मुठीत आवळले की गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. कोरडे मिश्रण कितीही रोलर फिरवला तरी बसत नाही.

आडवा उतार २ टक्के, म्हणजे १.५ मीटर रुंदीला ३ सेंमी. फळी आणि लेव्हल घेऊन दर पाच मीटरवर तपासा. नजरेवर विसंबू नका. सगळ्यात जास्त चुका कडेच्या विटा लावताना होतात. पाणी उतरते त्या बाजूच्या विटा वाटेपेक्षा उंच बसल्या की वाटेचा पाट होतो.

झाडाच्या फांद्यांच्या घेराखाली खोदू नका. बहुतेक मुळे वरच्या ६० सेंमी मातीत असतात. जाड मूळ तोडलेले झाड लगेच मरत नाही, पण काही वर्षांनी वादळात आडवे होऊ शकते. तिथे वाट जमिनीवरच कापड घालून वर उचलून घ्या. खडी बुंध्याला मात्र टेकू देऊ नका.

देखभालीत कडा विसरल्या जातात. पालापाचोळा आणि माती साचून कडेचे गवत वर्षागणिक उंच होते आणि पाणी बाहेर पडेनासे होते. पावसाळ्यापूर्वी ते फावड्याने छाटा. पाऊस थांबताच डबक्यांभोवती चुन्याने रेघ ओढा. वाळल्यावर तेवढा भाग ५ सेंमी खरवडून, पाणी शिंपडून, तेच मिश्रण भरून धुमसा. न खरवडता वरून ओतलेले ठिगळ पुढच्या पावसात सुटते. लांबट घळ पडली असेल तर भराव घालण्याआधी वरून येणारे पाणी चर काढून वळवा.