संदेष्ट्याचं वचन वाचताना आधी विचारा : रागावलं कोण?

आमच्या नगरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षाच्या शेवटच्या रात्रीची उपासना संपली की वचनांच्या चिठ्ठ्या काढतात. बायबलमधल्या यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ (एकोणतिसावा अध्याय, अकरावं वचन) ज्याच्या हाती लागतं, तो खूश. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे संकल्प आहेत, पुढे आशा आहे, आणखी काय हवं? मग ते वचन फ्रिजवर चिकटतं, गाडीच्या काचेवर जातं, कुणाच्या व्हिसाच्या फायलीत बसतं. शास्त्राभ्यासात मी मुद्दाम हेच घेते. एवढं गोड दिसणारं वचन ऐकून त्या काळी एक माणूस भयंकर भडकला होता. तो का भडकला हे कळलं की वचन कळलं.

आता शास्त्र, म्हणजे बायबल, उघडा, पण अकराव्या वचनावर जाऊ नका. आकडे यिर्मयाने घातलेले नाहीत, ते फार नंतर सोयीसाठी आले. २९:१ पासून वाचा. हे पत्र आहे, तेव्हा पत्राला विचारतो तेच विचारायचं : कोणी लिहिलं, कोणाला, कुठून कुठे गेलं?

लिहिणारा यिर्मया, यरुशलेमात. वाचणारे बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतलं आणि यहूदाचा राजा यखन्या, त्याची आई, दरबारी, सुतार, लोहार यांना पाडाव करून नेलं. मंदिर अजून उभं होतं, गादीवर सिद्कीया होता. म्हणजे नेलेल्यांना वाटायचं, हे थोड्या दिवसांचं आहे, आपण लवकरच परत जाऊ. पत्र कोणाच्या हाती गेलं तेही तिसऱ्या वचनात आहे. सिद्कीयाने बाबेलच्या राजाकडे पाठवलेल्या माणसांनीच ते नेलं. अशी नावं आली की मुलं पानं उलटतात. उलटू नका, पत्ता तिथेच लिहिलेला असतो.

मग एक अध्याय मागे जा. हे पाऊल सगळे गाळतात आणि माझ्या मते खरा अर्थ तिथेच आहे. अठ्ठाविसाव्या अध्यायात गिबोनचा हनन्या मंदिरात, याजकांसमोर, सगळ्यांदेखत सांगतो की दोन वर्षांत मंदिराची पात्रं परत येतील, यखन्या येईल, पाडाव झालेले सगळे येतील. बाबेलच्या सत्तेखाली राहावं लागेल याची खूण म्हणून यिर्मया मानेवर लाकडी जू घालून उभा असतो, ते हनन्या काढतो आणि मोडतो. लोकांना कोण आवडला असेल, सांगायला नको.

आता पत्र वाचा. घरं बांधा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलामुलींचीही लावून द्या. ज्या शहरात नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. बाबेलच्या भल्यासाठी! आणि दहावं वचन : बाबेलाची सत्तर वर्षं भरली की मग मी तुम्हाला परत आणीन. इथे काही जण कॅल्क्युलेटर काढतात. ५९७ पासून पारसचा राजा कोरेश याने बाबेल घेतलं त्या ५३९ पर्यंत अठ्ठावन्नच होतात. त्यात अडकू नका. स्तोत्र ९० मध्ये माणसाचं आयुष्यच सत्तर वर्षांचं म्हटलं आहे. ऐकणाऱ्या मोठ्या माणसांना नेमकं कळलं : आपण इथेच मरणार, परत जातील ती नातवंडं. आणि त्यानंतर, त्याच श्वासात, अकरावं वचन येतं.

म्हणून शमाया नेहेलामी भडकला. तो बाबेलातच होता. त्याने यरुशलेमला सफन्या याजकाला लिहिलं की असल्या वेड्याला खोड्यात का घालत नाही? तक्रारीत त्याने ‘घरं बांधा, बागा लावा’ हेच उद्धृत केलं (२९:२८). हिताच्या संकल्पांबद्दल त्याची तक्रार नव्हती, मुदतीबद्दल होती. सफन्याने ते पत्र यिर्मयालाच वाचून दाखवलं, हा मला या अध्यायातला सगळ्यात माणसासारखा प्रसंग वाटतो.

शक्य असेल तिथे बाहेरचा पुरावाही जोडा. बाबेलच्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांत यहूदाच्या राजाला आणि त्याच्या पाच मुलांना दिलेल्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. हाच यखन्या. ‘अल-याहुदू’ या वस्तीच्या पाट्यांत तर पाडाव झालेल्यांच्या वंशजांचे शेतीचे करार आणि करभरणा दिसतो. लोक तिथे खरंच वसले होते.

‘मग हे वचन आमच्यासाठी नाहीच का?’ हा प्रश्न वर्गात येतोच. आहे की. पण ते एकट्याच्या व्हिसाला दिलेलं नाही, एका अख्ख्या समाजाला दिलेलं आहे, आणि पाचव्या ते सातव्या वचनांसकट. अकरावं हवं असेल तर बागही लावावी लागेल, तीही न आवडणाऱ्या गावात.

हीच रीत हबक्कूक या दुसऱ्या संदेष्ट्याच्या १:५ ला लावून पाहा. तुमच्या काळात मी असं कार्य करतो की सांगितलं तरी तुम्हाला खरं वाटणार नाही, असं ते वचन. नव्या इमारतीच्या उद्घाटनाच्या पत्रिकेवर छान दिसतं. छापायला देण्याआधी सहावं वाचा : ते कार्य म्हणजे खास्द्यांची, म्हणजे त्याच बाबेलवाल्यांची, स्वारी.