जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपची उंची वाढवताना

पिकअपची उंची वाढवणे म्हणजे ॲक्सल आणि चेसिस यांच्यातले अंतर वाढवणे. या दोघांना जोडणारी प्रत्येक वस्तू, मग ती ब्रेकची रबरी नळी असो, ॲक्सलला ताकद पोचवणारा प्रोपेलर शाफ्ट असो की स्टीअरिंगचा दांडा, त्या वाढलेल्या अंतराला पुरली पाहिजे. नवे पाटे (लीफ स्प्रिंग) बसवणे हे या कामातले त्यातल्या त्यात सोपे प्रकरण आहे. गाडी रस्त्यावर सुरक्षित राहील की नाही, हे बाकीच्या जोडण्यांकडे किती लक्ष दिले यावर ठरते.

आधी अपेक्षा नीट बेतून घ्यावी. पाटे बदलल्याने चेसिस आणि बॉडी वर जाते, मोठ्या टायरला जागा होते, पण डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) होते तिथेच राहते. ते वर उचलण्याचे काम केवळ टायर करतो आणि तेही व्यासातल्या वाढीच्या निम्म्याने. २९ इंची टायरच्या जागी ३३ इंची टायर घातला, तर डिफरन्शियलखालची मोकळी जागा २ इंचांनी वाढते. त्याच बदलाने स्पीडोमीटर ताशी १०० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात सुमारे ११४ च्या वेगाने जात असते आणि ४.१० गिअर-गुणोत्तराचे डिफरन्शियल सुमारे ३.६० असल्यासारखे वागते, म्हणजे चढावर ओढ कमी पडते. माझ्या मते रोजच्या वापरातल्या जुन्या गाडीला दोन ते तीन इंचांची वाढ पुष्कळ झाली. त्यापुढे प्रत्येक इंचामागे बदलाव्या लागणाऱ्या भागांची यादी वाढत जाते आणि गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे वळणावर गाडी अधिक कलते. अशा बदलांना आपल्याकडे कायद्याची आणि विम्याची परवानगी कितपत आहे, हेही सामान घेण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

नंतर गाडीच्या पुढच्या भागाची रचना ओळखावी. उत्तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या १९७९ ते १९८५ च्या टोयोटा फोर-व्हील पिकअपला पुढे सलग ॲक्सल आणि पाटे होते, तर १९८६ पासून तिथे टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचे काम करणारे दांडे) आले. शेवरोलेच्या मोठ्या पिकअपमध्ये हाच बदल १९८८ च्या मॉडेलपासून झाला. टॉर्शन बारच्या गाडीत बोल्ट पिळून उंची वाढवता येते, पण त्यामुळे ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो आणि चाक खाली झुकायला जागा उरत नाही, म्हणून तिथे इंच-दीड इंचाच्या पुढे जाऊ नये. येथून पुढचे विवेचन दोन्हीकडे सलग ॲक्सल आणि पाटे असलेल्या गाडीचे आहे.

उंची वाढवण्याचे मार्ग तीन आहेत: जास्त कमानीचे नवे पाटे, लांब शॅकल (पाट्याचे हलते टोक चेसिसला जोडणारी कडी), आणि ॲक्सल व पाटा यांच्यामध्ये घातलेला ठोकळा. शॅकल २ इंच लांब केले तर उंची साधारण १ इंचच वाढते आणि पाटा एका टोकाला कलल्यामुळे ॲक्सलही फिरतो. मागच्या ॲक्सलवर एक घडीव ठोकळा चालतो, पण एकावर एक दोन ठोकळे कधीही रचू नयेत. पुढच्या ॲक्सलवर तर ठोकळा मुळीच घालू नये, कारण जोरात ब्रेक लावल्यावर ॲक्सल पाट्याखाली पिळवटतो आणि ठोकळा निसटण्याचा धोका राहतो. म्हणून खर्च जास्त असला तरी चारही पाटे नवे घ्यावेत, हेच माझे मत आहे. तीस-चाळीस वर्षे वापरलेले पाटे बसलेले असतात, त्यामुळे २ इंचांचा म्हणून घेतलेला संच प्रत्यक्षात ३ इंचांची वाढ देऊ शकतो. यासाठी काम सुरू करण्यापूर्वी सपाट जमिनीवर प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे माप चारही कोपऱ्यांवर लिहून ठेवावे.

जुन्या गाडीत निम्मा वेळ गंजच खातो. शॅकलच्या पिना, यू-बोल्टचे (पाटा ॲक्सलला आवळणाऱ्या बोल्टचे) नट आणि शॉक ॲब्सॉर्बरचे बोल्ट यांवर गंज सोडवणारे तेल दोन-तीन दिवस आधीपासून रोज सोडत राहावे. पिन बुशच्या (पाट्याच्या डोळ्यातल्या रबरी अस्तराच्या) लोखंडी नळीतच धरून बसली असेल तर ती कापावी लागते. तिथे गॅसची ज्योत वापरण्याआधी इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते पाहावे, शिवाय रबरी बुश पेट घेतो याचे भान ठेवावे.

मागची बाजू आधी करावी, ती सोपी असते. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांवर चालतो आणि तीच चाके आता अधांतरी असणार, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी भक्कम लाकडी ठोकळे लावावेत. गाडी उचलून चेसिसखाली जॅक-स्टँड द्यावेत आणि ॲक्सलला वेगळ्या ट्रॉली जॅकचा आधार द्यावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकेसुद्धा घालू नये. शॉक ॲब्सॉर्बर सोडवून ॲक्सल हळूहळू खाली येऊ द्यावा. पाट्यातला ताण पूर्ण उतरल्याशिवाय शॅकलच्या बोल्टला पाना लावू नये. एका वेळी एकाच बाजूचा पाटा काढावा, म्हणजे ॲक्सल दुसऱ्या बाजूने जागेवर धरलेला राहतो आणि गोल फिरत नाही.

नव्या पाट्याची कमान जास्त असल्याने त्याच्या दोन डोळ्यांतले अंतर कमी भरते आणि शॅकल पोचत नाही. अशा वेळी आधी पक्के टोक बसवावे, मग ॲक्सलखालचा जॅक थोडा वर घेऊन पाटा सपाट होऊ द्यावा, की शॅकलची पिन हाताने सरकते. पाट्याच्या पट्ट्या एकत्र धरणारा सेंटर बोल्ट बरोबर मधोमध नसेल, तर लांब बाजू जुन्या पाट्याप्रमाणेच पुढे की मागे ते पाहून घ्यावे. सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलवरच्या भोकात पूर्ण बसले आहे, हे बोटाने चाचपून पाहावे. ते कडेवर अडकलेले असताना यू-बोल्ट आवळले तर ॲक्सल तिरका राहतो आणि गाडी कुत्र्यासारखी आडवी चालते. यू-बोल्ट नवेच घ्यावेत, कारण एकदा आवळलेल्या बोल्टचे आटे ताणले गेलेले असतात. चारही नट समोरासमोर आलटून-पालटून, थोडे थोडे करून, संचासोबत दिलेल्या टॉर्कपर्यंत न्यावेत.

शॅकलचे आणि पाट्याच्या डोळ्यातले बोल्ट मात्र आत्ता नुसते हाताने लावून ठेवावेत. पहिल्यांदा हे काम करताना मी ते गाडी अधांतरी असतानाच आवळून टाकले होते. गाडी खाली उतरवल्यावर पाटा वळला, पण दोन्ही टोकांना जखडलेले रबर वळू शकले नाही; ते पिळलेलेच राहिले आणि काही महिन्यांतच बुशच्या कडेला उभ्या चिरा दिसू लागल्या. रबरी बुशचे बोल्ट शेवटी, गाडीचे सगळे वजन चाकांवर आल्यानंतर आणि ती दोन-चार वेळा दाबून हलवल्यानंतरच आवळायचे असतात.

पुढच्या बाजूला कृती तीच, पण परिणाम स्टीअरिंगवर होतात. शॅकल पुढच्या टोकाला असेल आणि ते लांब केले, तर ॲक्सलचा माथा पुढे झुकतो, कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे असलेला कल) कमी होतो आणि वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही. ते भरून काढण्यासाठी ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये पोलादी पाचर घालतात. ॲल्युमिनियमची पाचर दाबाखाली फुटते, म्हणून ती टाळावी. पाचर सेंटर बोल्टमध्ये ओवूनच बसवावी आणि त्यासाठी लांब सेंटर बोल्ट लागतो. ड्रॅग लिंकचा, म्हणजे स्टीअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा, कोनही पाहावा. चेसिस वर गेल्याने हा दांडा जास्त तिरका होतो आणि खड्ड्यात चाक वर-खाली होताना स्टीअरिंग स्वतःहून ओढले जाते. तो शक्य तितका आडवा आणण्यासाठी खाली वळलेला पिटमन आर्म (स्टीअरिंग बॉक्सवरचा आर्म) किंवा नकलवर (चाकाच्या वळत्या सांध्यावर) उंच बसणारा आर्म घेतात. पिटमन आर्म पुलरनेच काढावा, कारण हातोड्याचे घाव स्टीअरिंग बॉक्सच्या आतल्या भागांना लागतात.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी. चाके लावण्यापूर्वी ॲक्सल पूर्ण खाली सोडावा आणि टॉर्च घेऊन ब्रेकच्या रबरी नळीपाशी बसावे. नळीत बोटभर तरी ढील दिसली पाहिजे. ती तारेसारखी ताठ झाली असेल तर लांब नळी घेण्याला पर्याय नाही. चाके लावल्यावर पुढचे चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून नळी टायरला किंवा पाट्याला घासत नाही ना, हेही पाहावे. ॲक्सलच्या ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणारी) नळी आणि हँडब्रेकच्या केबल यांचीही अशीच परीक्षा घ्यावी. नंतर ॲक्सल जॅकने वर दाबून बंप स्टॉप (ॲक्सलची वरची हालचाल अडवणारा रबरी ठोकळा) टेकण्यापूर्वी शॉक ॲब्सॉर्बर तळाला लागत नाही, याची खात्री करावी.

प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असेल, तर ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) बाहेर येणाऱ्या शाफ्टची रेषा आणि डिफरन्शियलच्या पिनियनची (शाफ्ट ज्याला जोडतो त्या गिअरची) रेषा समांतर हव्यात. मागचा पिनियन स्थिर अवस्थेत एक-दोन अंश खाली ठेवतात, कारण ओढ लागल्यावर त्याचे नाक वर उचलले जाते. ट्रान्सफर केसच्या बाजूला दुहेरी क्रॉस असेल, तर मात्र पिनियन जवळजवळ सरळ त्याच्याकडे रोखलेला असावा. शाफ्टचा सरकता सांधा किती बाहेर आला आहे, तेही मोजावे. ॲक्सल पूर्ण लटकलेला असताना तो आत पुरेसा गुंतलेला राहत नसेल, तर शाफ्ट लांब करून घ्यावा लागतो.

बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला, वजनानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. उंची वाढल्यावर त्याला गाडी कायम रिकामीच भासते आणि तो मागचे ब्रेक कमी लावतो. त्याची दांडी किंवा ब्रॅकेट तितक्याच उंचीने सरकवावे. नळ्या उघडल्या असतील तर ब्रेकमधली हवा काढावी, अलाइनमेंट करून घ्यावे आणि हेडलाइट खाली वळवावेत, नाहीतर समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर थेट प्रकाश पडतो.

पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर हळू घ्यावी, ब्रेक दोन-तीनदा जोरात लावून पाहावेत आणि परत येऊन सगळे नट तपासावेत. पाटे आणि यू-बोल्ट जागा धरतात तसे नट सैल पडतात, म्हणून ते पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने आवळावेत. साधारण १००० किलोमीटरनंतर चारही कोपऱ्यांची मापे पुन्हा घेऊन आधीच्या नोंदींशेजारी लिहावीत; एखादा कोपरा इतरांपेक्षा जास्त बसलेला दिसला, तर त्या बाजूचा सेंटर बोल्ट आणि शॅकलचे बुश आधी पाहावेत.