एमबीबीएस नंतर फॅमिली डॉक्टर व्हायचंय? मग आधी हे बघा

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला इंटर्नशिप संपत आली की पोरं हमखास विचारतात, जीपीच म्हणजे साधी जनरल प्रॅक्टिसच करायचीय तर पीजी, म्हणजे पुढचं पदव्युत्तर शिक्षण, कशाला, कागलला नाहीतर गडहिंग्लजला बोर्ड लावला की झालं. कायद्याने चालतं ते, पण इंटर्नशिपमध्ये सगळं थोडं थोडं बघून होतं, एकट्याने निर्णय घ्यायची सवय लागत नाही, म्हणून माझं स्पष्ट मत, ट्रेनिंग घ्याच.

त्यासाठी नीट पीजी, म्हणजे पीजीची देशभराची प्रवेश परीक्षा, द्यायलाच लागते. त्यावर एमडी फॅमिली मेडिसिन मिळतं, 3 वर्षांचं, पण सीटा अगदी मोजक्या. डीएनबी, म्हणजे एनबीईएमएस या राष्ट्रीय परीक्षा बोर्डाची पदवी, पण 3 वर्षांचं, त्यात थिसिस असतो, आणि त्याच एनबीईएमएसचा डिप्लोमा 2 वर्षांचा. डीएनबी आणि डिप्लोमाच्या सीटा एमसीसी या केंद्राच्या समितीच्या काऊन्सेलिंगला (सीटवाटपाला) असतात, त्यामुळे नुसता राज्याचे प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलचा फॉर्म भरून बसू नका. सरकारी कॉलेजचे असाल तर सरकारी सेवेच्या बॉण्डचं काय ते ऑफिसात आधीच विचारून घ्या.

आता खरा मुद्दा, हॉस्पिटल कुठलं निवडायचं. मोठं नाव बघून भुलू नका, तिथल्या आत्ताच्या रेसिडेंटला (तिथे शिकत असलेल्या डॉक्टरला) फोन करा आणि विचारा की मेडिसिन, सर्जरी, बालरोग, गायनॅक, कॅज्युअल्टी, डोळे, स्किन, मानसोपचार इथे खरंच रोटेशनने पाठवतात का वर्षभर एकाच वॉर्डात फाइली भरायला ठेवतात, आणि ओपीडीत पेशंट स्वतः तपासायला मिळतो का. हे मी एवढं का सांगतोय, तर आपल्याकडे ऊसतोडीच्या दिवसात डोळ्याला पात लागलेला माणूस येतो, डोळा लाल, पाणी गळतंय, आणि कुणीतरी स्टेरॉइडचे ड्रॉप देऊन मोकळं होतं, आत बुरशीचं इन्फेक्शन असेल तर त्या ड्रॉपने ते भडकतं आणि नजर जाऊ शकते. फ्लुरोसीनची (जखम रंगवून दाखवणारी) पट्टी लावून जखम बघायची आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं, एवढं हातात बसायला डोळ्यांच्या ओपीडीत नीट पोस्टिंग लागतंच. साप चावलेल्याचं, पहिल्या खेपेच्या गरोदर बाईच्या बीपीचं पण तसंच.

दवाखाना आधीच चालू असेल आणि बंद करणं परवडत नसेल तर वेल्लोरच्या सीएमसीचा दूरशिक्षणाचा फॅमिली मेडिसिन डिप्लोमा बघा, काम सांभाळून होतो. डीएनबीची जागा तो घेत नाही, पण रोजच्या प्रॅक्टिसला खूप उपयोगी आहे.

आणि चॉइस भरताना फॅमिली मेडिसिन यादीच्या तळाला टाकू नका, हेच करायचं ठरलंय ना, मग वर टाका, घरचे रेडिओलॉजी रेडिओलॉजी करत असले तरी.