पॅच टेस्टमध्ये पाठ लाल झाली, पण नक्की कशामुळे? या चुका टाळा

पॅच टेस्ट म्हणजे क्रीम, शाम्पू यांसारखं प्रॉडक्ट चेंबर नावाच्या छोट्या वाटीत घालून टेपने व्हॉलंटिअरच्या पाठीवर चिकटवायचं आणि कातडीला त्रास होतो का ते बघायचं. पॅच काढला, खाली लाल दिसलं, त्या लालीला स्कोअर म्हणजे गुण टाकला, झालं काम, असं बऱ्याच ठिकाणी चालतं आणि मला ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण ती लाली क्रीमची आहे, टेपची आहे, की २४ तास हवा न लागल्यामुळे भिजून मऊ पडलेल्या कातडीची, हे कोणी बघितलेलंच नसतं. पॅच म्हणजे नुसती प्रॉडक्ट धरून ठेवणारी चिकटपट्टी नाही, ते एक उपकरण आहे आणि त्याचं स्वतःचं रीडिंग येतं. म्हणून पहिली चूक हीच, तुलनेसाठी प्रॉडक्ट नसलेले चेंबर न लावणं. प्रत्येक पाठीवर एक चेंबर नुसत्या सलाईनचा, एक फक्त बेसचा म्हणजे ज्यात प्रॉडक्ट विरघळवलंय त्याचा, आणि एक पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे कातडी लाल करतंच असं काहीतरी, साधारणपणे एसएलएस म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट. सलाईनखालीच लाल आलं तर त्या पाठीवरचे बाकीचे आकडे जपूनच वाचायचे. आणि एसएलएसखाली कुणाच्याच पाठीवर काही आलं नसेल तर "प्रॉडक्ट सेफ आहे" म्हणायची घाई नको, आधी सिस्टीम चालली का ते बघा.

या एसएलएसवरून आमच्याकडे एकदा चांगलाच घोळ झाला होता. सलग दोन बॅचमध्ये पॉझिटिव्ह कंट्रोल गप्प, सगळे म्हणाले व्हॉलंटिअरची कातडीच टणक असेल. मग बाटली उजेडात धरून बघितली तर तळाशी पांढरट सुयांसारखे खडे. द्रावण फ्रिजमध्ये ठेवलेलं, ४-५ डिग्रीला एसएलएस खाली बसतो, आणि आम्ही वरवरचं पाणी पिपेटने उचलत होतो! बाटली रूम टेम्परेचरला आणा, पूर्ण विरघळून पाण्यासारखं नितळ दिसेपर्यंत हलवा, मगच घ्या. त्याहून चांगलं म्हणजे थोडंच बनवा, बाटलीवर तारीख टाका, जुनं ओतून द्या.

डोस. ८ मिलिमीटरच्या फिन नावाच्या चेंबरचं क्षेत्रफळ साधारण अर्धा चौरस सेंटिमीटर, त्यात २० मायक्रोलिटर म्हणजे चौरस सेंटिमीटरला ४० पडले. १२ मिलिमीटरच्या चेंबरचं क्षेत्रफळ १.१३, त्यात ६० टाकले की झाले ५३. मग मागच्या वर्षीचा रिपोर्ट छोट्या चेंबरवरचा आणि यंदाचा मोठ्या चेंबरवरचा असेल तर दोन्ही शेजारी ठेवून "नवीन फॉर्म्युला जास्त इरिटंट" कसं म्हणणार? चेंबरचा साइज आणि डोस दोन्ही रिपोर्टमध्ये लिहा. घट्ट क्रीम साध्या पिपेटने नीट उचललंच जात नाही, निम्मं टिपलाच चिकटून राहतं, त्यापेक्षा सिरिंजने घालून काट्यावर वजन करा. पातळ प्रॉडक्ट मात्र चेंबरमधल्या फिल्टर पेपरवर टाकलं की लगेच लावायचं, सकाळी सगळे पॅच भरून ठेवले आणि दुपारी लावले तर मधल्या वेळेत पाणी उडून जातं आणि उरलेलं जास्त तीव्र होतं.

शाम्पू, फेसवॉश, साबण हे जसेच्या तसे बंद पॅचखाली २४ तास ठेवू नका. माणूस जे एक-दोन मिनिटांत धुवून टाकतो ते दिवसभर झाकून ठेवलं तर कातडी पोळणारच, त्यातून प्रॉडक्टबद्दल काहीच कळत नाही. पातळ करा आणि किती टक्के ते टेस्टच्या आधी ठरवा, निकाल बघून नाही. फ्रॉश आणि क्लिगमन या त्वचातज्ज्ञांनी १९७९ मध्ये साबणांसाठी चेंबर टेस्ट मांडली तीसुद्धा ८ टक्के द्रावणावरच. परफ्यूमसारखं अल्कोहोलवालं काही असेल तर आधी थोडं सुकू द्या, मग झाका.

आता रीडिंग, आणि इथे मला थोडं जास्त बोलायचंय. पॅच काढल्या काढल्या जी गोल कड दिसते ती चेंबरच्या दाबाची असते, निदान अर्धा तास थांबा, मग बघा. एकाच रीडिंगवर टेस्ट बंद करू नका. इरिटेशन साधारणपणे पॅच काढल्यावर उतरत जातं, अॅलर्जी मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढत जाते, पहिल्या दिवशीच फाइल मिटवली तर हा फरक दिसणार कधी? आणि आपली कातडी! लालीला गुण द्यायचं ड्रेझ स्केल १९४४ चं, मुळात सशांवरचं. आपल्याकडे २०१४ पासून कॉस्मेटिक्सची प्राण्यांवर टेस्टिंग बंद झाली हे उत्तमच झालं, पण सावळ्या पाठीवर हलकी लाली डोळ्याला दिसतच नाही, ती काळपट किंवा जांभळट दिसते आणि वाचणारा सरळ शून्य टाकून मोकळा होतो. बाजूने उजेड पाडा, शेजारच्या न लावलेल्या कातडीशी ताडून बघा, बोट फिरवून सूज आणि खरखर तपासा. जमत असेल तर मशीनने लाली आणि कातडीतून उडणारं पाणीही मोजा, पण माणसाला २०-३० मिनिटं एसी खोलीत बसवून मग, बसमधून उतरून आलेल्या घामेजलेल्या पाठीवर नाही. वाचणाऱ्याला कुठल्या चेंबरमध्ये काय आहे हे माहीत नको, आणि प्रत्येक पाठीवर जागा बदलून लावा, नाहीतर वरच्या आणि खालच्या पाठीतला फरक प्रॉडक्टच्या नावावर जमा होतो.

मे महिन्यात घामाने टेपच्या कडा सुटतात आणि मार्करच्या खुणा पुसल्या जातात, काढताना प्रत्येक चेंबर पूर्ण चिकटलेला होता का ते लिहून ठेवा. थंडीत कोरड्या कातडीवर एसएलएस जास्त चावतो, म्हणून एक प्रॉडक्ट मेमध्ये आणि दुसरं डिसेंबरमध्ये करून तुलना नको, दोन्ही एकाच वेळी, एकाच पाठीवर.

शेवटचं, आणि हे मी कधी विसरणार नाही. एका ताईंचा रात्री अकराला फोन आला, पाठीला फार खाज सुटलीये, झोप लागत नाही. ड्यूटीवरच्या मुलाने सांगितलं, सकाळपर्यंत कळ काढा. सकाळी त्या चेंबरखाली बारीक पाण्याचे फोड होते. पॅच काढून टाकायचा हक्क व्हॉलंटिअरचा आहे, हे संमतीपत्रात त्यांच्या भाषेत लिहा आणि तोंडीही सांगा. आणि ज्याने लवकर काढला त्याला "सोडून गेला" म्हणून यादीतून वगळू नका, किती तासांनी काढला आणि तेव्हा काय दिसलं ते लिहून त्याचा स्कोअर धरा. ज्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला तेच वगळले तर उरलेल्यांची सरासरी छानच येणार, आणि तेच प्रॉडक्ट उद्या दुकानात जाणार.