जुन्या ऑनलाइन गेममध्ये परत यायचंय? एक्सपान्शन घ्यायच्या आधी हे बघा

सध्या आमच्या ग्रुपमध्ये कुणी ना कुणी हेच विचारायलंय, की बाबा चार-पाच वर्षं गेम बंद होता, आता परत चालू करायचाय, पण स्टोअर उघडलं तर एक्सपान्शनची (मूळ गेमवर वेगळे पैसे देऊन घ्यायचे नवे भाग) ही लांबलचक रांग, ह्यातलं घेऊ तरी कुठलं? अन त्यावर ठरलेलं उत्तर येतं, बंडल घे की बे, सगळंच येतंय त्यात. मला हे अजिबात पटत नाही. गड्ड्याच्या जत्रेत शिरल्या शिरल्या सगळ्या पाळण्यांची तिकिटं कुणी काढून ठेवतं का? आधी एक फेरी मारतो, बघतो, मग खिशात हात घालतो.

तर पहिलं काम म्हणजे जुन्या अकाउंटला लॉगिन करून बघणे. ऐकायला सोपं वाटतं पण इथंच निम्मे लोक अडकतात, कारण अकाउंट काढलेलं असतं कॉलेजात असताना, ईमेल कुठला दिला ते आठवत नाही, लॉगिनचा कोड देणारा ऑथेंटिकेटर होता जुन्या मोबाइलमध्ये अन तो मोबाइल कधीच एक्स्चेंजमध्ये गेलेला. जुन्या खरेदीचा मेल किंवा दुकानातून गेमचा डबा घेतला असेल तर त्यातली सीरियल की शोधून ठेवा, सपोर्टवाले बहुतेक वेळा तेच मागतात. नवीन अकाउंट काढून मोकळं व्हायचा मोह होतो पण थांबा, जुन्या अकाउंटवर काय काय पडलेलं असतं ते बघितल्याशिवाय कळत नाही.

कारण तुम्ही नसताना गेमवाल्यांनी बरंच काही फुकट करून टाकलेलं असतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचंच घ्या, २०१८ पासून जुनी एक्सपान्शन वेगळी विकत घ्यायची भानगडच राहिली नाही, महिन्याचं सबस्क्रिप्शन भरलं की ताजं सोडून मागचं सगळं उघडतं. म्हणजे लीजन ह्या जुन्या एक्सपान्शनच्या वेळी गेम सोडलेल्या माणसाला नुसत्या सबस्क्रिप्शनवर नंतरची कितीतरी एक्सपान्शन खेळायला मिळतात, ताजं घ्यायची घाई कशाला? महिनाभर खेळा, हात बसू दे, रेडमध्ये (मोठ्या गटानं मिळून करायची अवघड लढाई) जायची इच्छा अजून आहे का बघा. असेल तर मग ताजं घ्यावंच लागतं, त्यात पर्याय नाही, कारण वरची लेव्हल, नवा गिअर म्हणजे शस्त्रं-चिलखत, गिल्डची म्हणजे आपल्या टोळीची मंडळी सगळी तिथंच असतात. अन तुम्हाला खरी आठवण जुन्याच वॉरक्राफ्टची येत असेल, तर २०१९ ला सुरू झालेलं क्लासिक त्याच सबस्क्रिप्शनमध्ये चालतं, त्याला एक्सपान्शनचा रुपया लागत नाही.

सबस्क्रिप्शनवरून आठवलं, आपल्याकडे ऑटो-पेमेंटचा वेगळाच ताप आहे. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो-डेबिटचे नियम कडक झाले, तेव्हापासून बाहेरच्या कंपन्यांचं दर महिन्याचं पेमेंट बऱ्याच कार्डांवरून फेल जातं. गेमटाइमचा कोड (ठरावीक दिवसांची फी एकदाच भरून घ्यायचा) मिळत असेल तर तो बरा, संपला की संपला, विसरून गेलो अन पैसे कटत राहिले असं होत नाही. डॉलर किंवा युरोत पैसे जाणार असतील तर वर बँकेचा मार्कअप अन त्यावर जीएसटी लागतो, तोही हिशोबात धरा. फक्त रविवारी खेळणाऱ्या माणसाला महिन्याची फी परवडते का हा प्रश्न एक्सपान्शनच्या किमतीपेक्षा मोठाय.

म्हणूनच मी परत येणाऱ्यांना गिल्ड वॉर्स २ सुचवतो. २०१२ चा गेम, महिन्याची फी नाही, बेस गेम २०१५ पासून फुकट. अन सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेव्हलची मर्यादा सुरवातीला ८० होती ती आजही ८०च आहे, त्यामुळं पाच वर्षांपूर्वीचा तुमचा चांगला गिअर आजही चालतो. वॉरक्राफ्टमध्ये नवीन एक्सपान्शन आलं की जुना गिअर भंगारात. इथं तसं नाही, त्यामुळं इथं निवड करायची ती कथा किंवा गिअर बघून नाही, एक्सपान्शनमधून फिरायची कुठली सोय मिळते ते बघून करायची.

हे जरा नीट सांगतो. २०१५ च्या हार्ट ऑफ थॉर्न्समध्ये ग्लायडिंग आहे, म्हणजे कड्यावरून उडी टाकायची अन पंख उघडून तरंगत खाली जायचं. तिथला पहिलाच नकाशा व्हर्डंट ब्रिंक, जंगल तीन मजल्यांचं, वर उडत्या जहाजांचे सांगाडे अडकलेले, खाली मुळांचा गुंता, मिनीमॅपवर बाण दिसतोय समोरच अन तिथं पोचायचा रस्ता मात्र दोन मजले खालून. पहिल्या दिवशी माणूस वैतागतो. ग्लायडिंग शिकल्यावर तोच नकाशा आवडायला लागतो. २०१७ च्या पाथ ऑफ फायरमध्ये माउंट म्हणजे स्वारीची जनावरं आली. रॅप्टर दरीवरून लांब उडी मारतो, स्प्रिंगर म्हणजे मोठ्ठा ससा, तो मागच्या पायावर दबून सरळ उंच झेपावतो, स्किमर पाण्यावरून तरंगत जातो, जॅकल वाळवंटातल्या वाळूच्या दरवाज्यांतून पलीकडं निघतो. ग्रिफॉन हा उडणारा माउंट मिळवायला कथा संपवून वर गेममधलं अडीचशे गोल्ड घालावं लागतं, पण तो घेऊन एकदा डोंगरावरून सूर मारला की पुढचा तासभर कामधंदा सुचत नाही.

माउंट नसताना जुन्या नकाशात पळत जाणं अन रॅप्टरवर जाणं ह्यात इतका फरक आहे, की परत आलेल्या माणसानं एकच घ्यायचं असेल तर मी डोळे झाकून पाथ ऑफ फायर सांगतो, शिवाय त्यात हार्ट ऑफ थॉर्न्स सोबतच येतं, वेगळं घ्यायचं नाही. सेलमध्ये दोन्ही अर्ध्या किमतीला किंवा त्याहून कमीला मिळतात, अन सेल वर्षातून बऱ्याचदा लागतो, घाई नाही. २०२२ चं एंड ऑफ ड्रॅगन्स हे मासेमारी, होडी अन दोघांनी मिळून चालवायचं कासव आवडणाऱ्यांसाठी, नुसतं निवांत फिरायचं असेल तर मस्त आहे पण पहिलं घ्यावं असं नाही. २०२३ च्या सीक्रेट्स ऑफ द ऑब्स्क्युअरमध्ये स्कायस्केल हा उडणारा माउंट बराच लवकर मिळतो, पूर्वी त्यासाठी घाम गाळायला लागायचा. ज्याला कथेचं काही पडलेलं नाही, नुसतं उडायचंय, त्यानं हे दुसरं घ्यावं.

मध्ये एक लिव्हिंग वर्ल्ड नावाचं प्रकरण आहे. दोन एक्सपान्शनच्या मधली कथा त्यात असते, अन तो भाग चालू असताना तुम्ही एकदा जरी लॉगिन केलं असेल तर तो तुमच्या अकाउंटवर कायमचा फुकट, नाहीतर जेम (गेमच्या दुकानातलं चलन) देऊन घ्यावा लागतो. म्हणून म्हटलं जुनं अकाउंट शोधा! कधीतरी सहज लॉगिन केलेलं आता उपयोगी पडतं.

आता फसायच्या जागा. स्टीम ह्या गेमच्या ऑनलाइन दुकानात रुपयात किंमत दिसते, यूपीआयनं पैसे जातात, म्हणून आपण पटकन तिथंच घेतो. पण गिल्ड वॉर्स २ स्टीमवर आलं २०२२ मध्ये, अन त्याआधीचं जुनं अकाउंट स्टीमच्या खरेदीला जोडता येत नाही, तुमचं अकाउंट जुनं असेल तर गेमवाल्यांच्याच साइटवरून घ्यायचं. फायनल फँटसी १४ मध्ये पीसीवर स्टीमचं लायसन्स वेगळं, कंपनीच्या स्टोअरचं वेगळं, बेस गेम एकीकडचा अन एक्सपान्शन दुसरीकडचं हे जमतच नाही. घ्यायच्या आधी आपलं अकाउंट कुठल्या बाजूचं आहे ते बघा.

फायनल फँटसीत अजून एक गंमत आहे. २०२३ पासून तिथली फ्री ट्रायल थेट लेव्हल ७० पर्यंत जाते, त्यात हेवन्सवर्ड अन स्टॉर्मब्लड ही दोन अख्खी एक्सपान्शन येतात, वेळेची मर्यादा नाही. मार्केट बोर्ड म्हणजे खेळाडूंचा आपसातला बाजार नाही, गिल हे तिथलं चलन काही लाखांवर साठवता येत नाही, पण कथेसाठी चालतंय की. मात्र ज्या अकाउंटवर एकदा गेम विकत घेतला ते परत ट्रायलवर जात नाही. म्हणजे जुन्या कॅरेक्टरवर जीव असेल तर फी भरा, नसेल तर नवीन अकाउंटवर ट्रायल खेळा, तो हिशोब ज्याचा त्यानं करायचा. घ्यायचंच ठरलं तर सगळ्यात ताजं घ्या, त्यात मधली जुनी येतात, एकेक करून घेत बसू नका.

डेस्टिनी २ बाबत मी कायम सावध राहायला सांगतो. २०२० मध्ये बियॉन्ड लाइट आलं तेव्हा मूळची रेड वॉर कथा, दोन जुनी एक्सपान्शन अन काही ग्रह गेममधून काढूनच टाकले, २०२२ मध्ये फोरसेकनची कथाही गेली. लोकांनी पैसे मोजून घेतलेलं होतं ते. तिथं डंजनच्या (छोट्या गटानं खेळायचे अवघड भाग) चाव्याही बऱ्याचदा वेगळ्या विकल्या जातात, त्यामुळं एक्सपान्शनच्या नावाखाली नक्की काय मिळतं ते ओळ न ओळ वाचा. जुन्यात काय चांगलं होतं हे यूट्यूबवर बघून घ्याल अन ते आता गेममध्येच नसेल.

पैसे घालायच्या आधी पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद, बघायलाच पाहिजे. गिल्ड वॉर्सचे सर्व्हर अमेरिका अन युरोपात, सोलापुरातून युरोपचा धरला तरी पिंग दीडशेच्या आसपास किंवा वरच. कथा अन भटकंतीला काही अडत नाही, पीव्हीपीत म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या लढाईत मात्र समोरचा मारून गेलेला असतो तेव्हा आपलं बटण दाबलेलं कळतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी वरच्या मजल्यावरच्या खोलीत लॅपटॉप कढई होतो, लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून डाउनलोड रात्री लावा अन चार दिवस फुकटच्या भागावरच काढा. मित्र कुठल्या सर्व्हरवर, कुठल्या एक्सपान्शनमध्ये आहेत तेही विचारा. पुण्याला गेलेला मित्र तुमची वाट बघत एंडगेमला म्हणजे वरच्या लेव्हलच्या शेवटच्या टप्प्यात बसला असेल तर माझा वरचा सगळा सल्ला बाजूला ठेवा अन तो जे खेळतोय ते घ्या.

घेतल्यावर लगेच एक करू नका. बऱ्याच एक्सपान्शनसोबत लेव्हल बूस्ट येतो, एका क्लिकवर कॅरेक्टर वर, अन तो समोर चमकत असतो. स्टीमवर रिफंड १४ दिवसांत अन खरेदीनंतर गेम २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तरच मागता येतो, बूस्ट वापरून बसलात तर तीही आशा नाही. आधी जुन्याच कॅरेक्टरवर तास-दीड तास नवा नकाशा फिरून या, कुठला क्लास (लढवय्या, जादूगार वगैरे) खेळायचाय ते ठरू दे, बूस्टला एक्स्पायरी आहे का तेवढं बघून ठेवा, नसेल तर आठवड्यानं वापरला तरी काही बिघडत नाही.