डिस्क्रीट मॅथ्स शिकवायचंय? मुलांना लिहायला लावा

डिस्क्रीट मॅथ्स (सुट्या, मोजता येणाऱ्या गोष्टींचं गणित) पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मी पुस्तकातला क्रम जसाच्या तसा उचलला होता. संच, संबंध, फल, मग तर्क, मग इंडक्शन (१ साठी खरं, आणि क साठी खरं असेल तर क+१ साठीही खरं, म्हणून सगळ्या संख्यांसाठी खरं), शेवटी ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा). तास छान व्हायचे, मुलं माना डोलवायची. मग मिडटर्मचे पेपर तपासायला बसले. प्रश्न सरळ होता: पहिल्या न विषम संख्यांची बेरीज न चा वर्ग असते हे इंडक्शनने सिद्ध करा. पेपरामागून पेपर एकच चित्र. क+१ साठीचं समीकरण सगळ्यात वर लिहिलेलं, दोन्ही बाजू सोडवत खाली आणलेल्या, आणि शेवटी ०=० लिहून त्याखाली दोन रेघा. जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलेलं. ०=० पर्यंत तर १=२ पासूनही पोचता येतं; दोन्ही बाजूंना शून्याने गुणलं की झालं.

त्यात मुलांची चूक नव्हती. दीड महिना मी फळ्यावर सिद्धता लिहीत होते आणि मुलं ती वहीत उतरवून घेत होती. त्यांच्याकडून मी एकही लिहून घेतली नव्हती. तेव्हापासून हा कोर्स मी एकाच गोष्टीभोवती बांधते: दर आठवड्याला प्रत्येकाने एक युक्तिवाद स्वतः लिहायचा, आणि शेरे वाचून तोच पुन्हा लिहायचा. हा कोर्स पहिल्यांदाच वाट्याला आलेल्यांसाठी माझी पद्धत इथे मांडते. चौदा आठवडे, वर्गात साधारण ऐंशी मुलं आणि चार टीए (शिकवण्यातले मदतनीस) असा हिशेब धरला आहे.

पहिला आठवडा: 'जर–तर'

संचांपासून सुरुवात करू नका. संच मुलांना शाळेपासून माहीत असतात, त्यामुळे 'हे तर येतंच' असं वाटून लक्ष उडतं. मी चार कार्डांनी सुरुवात करते. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ साली मांडलेलं हे कोडं आहे. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. समोर दिसतात: अ, क, ४, ७. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळला गेलाय का हे तपासायला कोणती कार्डं उलटावी लागतील?

उत्तर आधी कागदावर लिहून घ्या, हात वर करायला लावू नका. नाहीतर हुशार चौघांकडे बघून बाकीचे हात वर जातात. बहुतेक जण अ आणि ४ लिहितात. बरोबर उत्तर अ आणि ७. चारच्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, पण सातच्या मागे स्वर निघाला तर मोडतो. या दहा मिनिटांत 'जर–तर' आणि त्याचा व्यत्यास यांतला फरक जसा डोक्यात बसतो, तसा ट्रुथ टेबलने (खरं-खोट्याच्या सगळ्या शक्यतांच्या तक्त्याने) बसत नाही. टेबल दुसऱ्या तासाला द्या.

कंप्युटरच्या मुलांची आणखी एक अडचण असते. त्यांच्या प्रोग्रॅममधला 'इफ' ही आज्ञा असते: अट खरी असेल तर पुढचं कर. तर्कातलं 'जर–तर' हे विधान असतं, ते स्वतःच खरं किंवा खोटं असतं. हे स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं, आपोआप उमगत नाही. डी मॉर्गनचे नियम ('आणि', 'किंवा' असलेलं विधान नाकारण्याचे) मात्र प्रोग्रॅममधूनच शिकवा. 'अ शून्याहून मोठा आणि ब शून्याहून मोठा' तोवर चालणारा लूप थांबला, तर काय खरं असेल? निम्मा वर्ग म्हणतो 'दोन्ही शून्य किंवा कमी'. तिथे 'आणि'चा 'किंवा' होताना त्यांना स्वतःला दिसू द्या.

दर आठवड्याचं पान

या कोर्सचा कणा इथे आहे. सोमवारी तीन प्रश्न द्यायचे, शुक्रवारी त्यांपैकी एकाचं उत्तर एका पानात मागायचं. पहिल्या फेरीला गुण नाहीत. टीए समासात फक्त तीन खुणा करतात: 'का?', 'हे कोण?' (ओळख न करून दिलेलं अक्षर) आणि 'हेच तर सिद्ध करायचंय'. दुरुस्ती करून द्यायची नाही, हे टीएंना बजावून सांगा. पुढच्या शुक्रवारी पुन्हा लिहिलेलं पान येतं, गुण त्याला. एका टीएकडे वीस पानं येतात. दर आठवड्याला मी स्वतः पाच पानं त्यांच्यासोबत बसून तपासते, म्हणजे चौघांचा हात एकसारखा राहतो.

एक नमुना बघा. 'दोन सम संख्यांची बेरीज सम असते.' एका मुलीने लिहिलं: 'म सम आहे म्हणून म = २क. न सम आहे म्हणून न = २क. म्हणून म + न = ४क, म्हणजे सम.' निष्कर्ष खरा, प्रत्येक ओळ ओळखीची. टीएने दुसऱ्या क पाशी 'हे कोण?' एवढंच लिहिलं. मुलगी माझ्याकडे आली, 'मॅडम, क म्हणजे कुठलीही संख्या ना?' मी म्हटलं, म सहा घे आणि न दहा घे, आता क किती? ती थांबली. 'तीन... नाही, पाच.' मग स्वतःच म्हणाली, 'म्हणजे माझं फक्त दोन्ही सारखे असतील तरच चालतं.' दुसऱ्या पानावर क आणि ल अशी दोन अक्षरं आली होती. मी फळ्यावर दहा वेळा सांगितलं असतं तरी ही गोष्ट इतकी पक्की झाली नसती.

हल्ली तयार उत्तरं चुटकीसरशी मिळतात. म्हणून दर आठवड्याला आठ मुलांना चिठ्ठ्या टाकून बोलावते. पाच मिनिटांत आपल्या पानातली एक ओळ फळ्यावर समजावून सांगायची. सत्रभरात प्रत्येकाची पाळी येतेच.

इंडक्शनआधी अविश्वास

इंडक्शन कशाला हवं, हा प्रश्न मुलांना पडला पाहिजे. वर्तुळावर बिंदू घ्या, सगळे एकमेकांना रेषाखंडांनी जोडा, आत किती भाग पडतात ते मोजा. एक बिंदू १, दोन २, तीन ४, चार ८, पाच १६. सहाला सगळे '३२' ओरडतात. मोजायला लावा: ३१ येतात. इथे एक गोम आहे. सहा बिंदू सारख्या अंतरावर काढले तर मधले तीन कर्ण एकाच ठिकाणी छेदतात आणि ३० भाग भरतात. वर्गात दोन उत्तरांवरून वाद होतो. तो होऊ द्या.

त्यानंतर बेरजेची सूत्रं दोनच घ्या. मुख्य उदाहरण म्हणून सॉलोमन गोलोंब यांनी १९५४ साली मांडलेलं फरशांचं कोडं घ्या: बाजू २, ४, ८, १६ अशी असलेल्या चौरस पटावरचं कुठलंही एक घर काढलं, तरी उरलेला पट तीन घरांच्या काटकोनी फरशांनी बरोबर भरता येतो. पटाचे चार भाग करायचे आणि मधोमध एक फरशी अशी ठेवायची की काढलेलं घर ज्यात नाही त्या तीन भागांतलं एकेक घर ती झाकेल. आता चारही भागांत एकेक घर 'काढलेलं' आहे. ही सिद्धता म्हणजेच रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणारा) प्रोग्रॅम आहे. तो त्याच आठवड्यात लिहायला द्या.

मोजणी

पहिले दोन तास सूत्रांना बंदी. सूत्र हाती आलं की मुलं 'क्रम धरायचा की नाही' एवढंच विचारतात. छोट्या उदाहरणात सगळी यादी करायला लावा. माझं आवडतं उदाहरण छंदातलं: लघु एक मात्रा, गुरू दोन मात्रा, तर चार मात्रांच्या ओळी किती? लललल, गलल, लगल, ललग, गग: पाच. पाच मात्रांच्या आठ. शेवटचं अक्षर लघु असेल तर आधी न−१ मात्रा उरतात, गुरू असेल तर न−२. म्हणजे आधीच्या दोन उत्तरांची बेरीज. बाराव्या शतकात हेमचंद्राने हाच नियम दिला होता, फिबोनाचीच्या पुस्तकाच्या (१२०२) आधी. रिकरन्सचा (आधीच्या उत्तरांवरून पुढचं काढण्याचा) अख्खा विचार या तासात येऊन जातो.

पिजनहोलसाठी (खोक्यांपेक्षा वस्तू जास्त असतील तर एखाद्या खोक्यात दोन येणारच) मोज्यांची जोडी सोडून द्या. विचारा: प्रत्येक फाइल लहान करणारा आणि काही न गमावणारा कॉम्प्रेशन प्रोग्रॅम लिहिता येईल का? तीन बिटांच्या फाइली ८. त्याहून लहान, रिकामी धरूनही, ७. संपलं.

ग्राफ मी तीन आठवड्यांत उरकते. ऑयलरचे १७३६ चे सात पूल (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येईल का), शिरोबिंदूंच्या अंशांची बेरीज, झाडं, रंगवणं. डायक्स्ट्राचा सर्वांत जवळची वाट शोधणारा अल्गोरिदम पुढच्या कोर्सवर सोडते.

शेवटचे आठवडे: शेष आणि आरएसए

संदेश गुप्त ठेवणारी १९७७ ची आरएसए पद्धत हाताने करून घ्या. अविभाज्य संख्या ३ आणि ११, गुणाकार ३३. (३−१)(११−१) = २०. जाहीर किल्ली ३, गुप्त किल्ली ७, कारण २१ ला २० ने भागून १ उरतो. संदेश ४: त्याचा घन ६४, ३३ ने भागून उरले ३१. आता ३१ चा सातवा घात. मुलं कॅल्क्युलेटर शोधतात. ३१ म्हणजे ३३ च्या हिशेबात −२, आणि −२ चा सातवा घात −१२८. त्यात १३२ मिळवा, ४ परत. त्या आठवड्याचं पान: हे नेहमी का जमतं?

अंतिम परीक्षेत एक प्रश्न चुकीच्या सिद्धतेचा ठेवा: 'सगळे घोडे एकाच रंगाचे' ही इंडक्शनची सिद्धता (पहिला घोडा वगळून उरलेला गट एका रंगाचा, शेवटचा वगळून उरलेलाही, म्हणून सगळेच) दिली, तर नेमकी कुठली पायरी मोडते ते लिहायचं. एकावरून दोनवर जाताना दोन्ही गटांत सामायिक घोडाच उरत नाही, हे ज्याला दोन वाक्यांत लिहिता आलं त्याला मी पूर्ण गुण देते.