पावसात माहुली चढायचाय? आधी उतरणीचं बघा

जून उजाडला की ऐरोलीच्या भाच्याचा फोन येतोच, "मामा, यंदा कुठं?" मी माहुलीच सांगतो. ठाण्याहून पहिली मिळेल ती कसारा लोकल, आसनगावला उतरायचं, तिथून रिक्षानं माहुली गाव. गड सुमारे २८०० फुटांचा, चढ अंगावर येणारा. १६३६ मध्ये शहाजीराजांनी वेढ्यात तग धरला तो इथंच. ही सोंड चढताना मला तरी वेढा घालणाऱ्यांचीच दया येते.

वेधशाळेनं जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला असेल तर घरी भजी तळा. गडावर जायला बंदी आहे का, तेही आदल्या दिवशी बघून घ्या.

जीन्स नको. भिजली की गुडघा वाकत नाही. छत्रीही नको, दोन्ही हात मोकळे लागतात. बूट महाग नसले तरी चालतील, तळव्याच्या खाचा मात्र शाबूत हव्यात. नवे कोरे बूट थेट डोंगरावर घालू नका. मी एकदा घातले आणि दोन्ही टाचा सोलून घेतल्या. सॅकमध्ये आतून कचऱ्याची मोठी काळी पिशवी लावा, बाहेरच्या कव्हरचा भरवसा नाही. पावसात तहान लागत नाही, पण विंडचीटरच्या आत घामाच्या धारा असतात. म्हणून दर अर्ध्या तासानं दोन घोट पाणी, लिंबू-मीठ घातलेलं.

चढताना पाऊल छोटं टाका. कातळावर हिरवं चकाकतं ते शेवाळ, तिथं पाय नको. खरबरीत भाग शोधा आणि अख्खा तळवा टेकवा. कारवीला धरायचं तर बुडाशी धरा. शेंडा धरलात तर तो तुमच्याबरोबरच खाली येतो. माथ्याजवळ लोखंडी शिडी आहे, तिथं एका वेळी एकच माणूस. वर पोचलात-न पोचलात, साडेबाराला परत फिरायचं. आमच्यात यावरून दर वेळी वाद होतो आणि दर वेळी मी जिंकतो, कारण डबा माझ्या सॅकमध्ये असतो.

कारण खरी परीक्षा उतरताना. मांड्या थरथरायला लागलेल्या असतात आणि मन आसनगावच्या चहापाशी पोचलेलं असतं. शिडीवरून तोंड शिडीकडे करूनच उतरा. ओल्या मातीच्या घसाऱ्यावर आडवं चाला, टाच रोवत. फारच तीव्र असेल तिथं सरळ बसा आणि पार्श्वभागावर घसरत या. पँट धुता येते.

आणि ओढा. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून गेलो होतो, तोच परतताना लालभडक, काटक्या-पाचोळा घेऊन धावत होता. खाली पाऊस थांबलेला, पण वर चालू असणार. भाचा म्हणाला, "मामा, दहा पावलं तर आहेत." मी पाण्याच्या कडेला एक पांढरट दगड ठेवला आणि त्याला शेजारी बसवलं. पाच मिनिटांत दगड दिसेनासा झाला. मग तो काही बोलला नाही. आम्ही वरच्या अंगाला सरकून दशम्या खाल्ल्या, पुन्हा दगड ठेवला, पुन्हा बघितलं. दीड तासानं दगड पाण्यापासून हातभर लांब कोरडा पडला आणि पाणीही निवळायला लागलं, तेव्हा उठलो.

ओलांडायचं ते रुंद, पसरट जागी. अरुंद जागी पाणी खोल आणि जोरात असतं. कमरेचा पट्टा सोडून सॅक सैल करा, म्हणजे पडलात तर ती झटकता येईल. तोंड पाणी जिकडून येतं तिकडे, हातात काठी, आडवं सरकत एकेक पाऊल. पाणी गुडघ्याच्या वर गेलं की मागं फिरा.

एक कोरडा टीशर्ट आणि चपला पिशवीत ठेवल्या असतील तर स्टेशनावर बदला. ओल्या अंगानं खिडकीत बसलात की कल्याणपर्यंत शिंका सुरू होतात. घरी बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, रात्री एकदा बदला. पंख्याखाली दोन दिवस लागतात.